रिकाम्या जागेत नेमकं काय असतं?

हरभऱ्याला ओलित करायची पाळी रात्रीची आली की मोटर सुरू करून वावरातच थांबावं लागतं. स्प्रिंकलरचे पाइप बदलायला अजून वेळ असतो, रानडुकरांची चाहूल नसते, तेवढ्यात मान वर जाते आणि विदर्भातल्या खेड्याची एक मोठी श्रीमंती दिसते. ती म्हणजे काळंभोर आकाश. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती याच काळोखासाठी. अर्थात त्यासाठी पेंचला जायलाच हवं असं नाही. गावातल्या हायमास्टपासून दोन किलोमीटर आत वावरात शिरलं तरी पुरतं.

डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करा. पाच ठळक ताऱ्यांचा इंग्रजी ‘एम’ दिसेल, ती शर्मिष्ठा. या एमची दोन टोकं वर असतात, त्यातलं डावीकडचं जास्त अणकुचीदार असतं. त्या टोकाच्या रोखाने नजर वर, डोक्याच्या दिशेला सरकवत न्या. शर्मिष्ठेच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त अंतर गेलं की एक पुसट, लांबट डाग सापडतो. चटकन नाही सापडत. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं द्या आणि तोवर मोबाइल खिशातून काढू नका. तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा अफाट समूह. तिच्यातून निघालेला प्रकाश २५ लाख वर्षं प्रवास करून तुमच्या डोळ्यात शिरतोय.

याच देवयानीने शास्त्रज्ञांची झोप उडवली. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी देवयानीतले वायूचे ढग तिच्या केंद्राभोवती किती वेगाने फिरतात, ते मोजून प्रसिद्ध केलं. अपेक्षा साधी होती. आपल्या सूर्यमालेत सूर्याजवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने धावतो, पृथ्वी ३० किलोमीटरने आणि लांबचा नेपच्यून साडेपाच किलोमीटरच्याही आतच. सूर्यापासून जितकं लांब, तितकी त्याची ओढ कमी आणि तितका वेग कमी. देवयानीतही बहुतेक तारे मधल्या भागात दाटलेले दिसतात. तेव्हा काठावरचे ढग सावकाश फिरायला हवे होते, पण तसं झालं नाही. पार काठावरही वेग सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या खाली उतरायला तयार नव्हता. रेडिओ दुर्बिणींनी हायड्रोजनच्या २१ सेंटीमीटरच्या लहरी पकडून ताऱ्यांच्याही पलीकडे मोजमाप नेलं, आणि तिथेही तेच. पुढे अशा कितीतरी दीर्घिकांत हेच आढळलं.

यातली अडचण काय, ते ज्वारीच्या वावरात पाखरं हाकलणाऱ्याला चटकन कळेल. गोफण जितक्या जोरात फिरवाल तितका तिच्या दोऱ्यांवर ताण येतो. दोऱ्या कच्च्या असतील आणि तुम्ही वेग वाढवत गेलात तर त्या तुटून दगड भलतीकडे जाईल. देवयानीच्या काठावरचे ढग एवढ्या वेगाने फिरूनही सुटून जात नाहीत, याचा अर्थ त्यांना धरून ठेवणारी ओढ भक्कम आहे. ओढ म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि गुरुत्वाकर्षणाला वस्तुमान लागतं. दिसणारे सगळे तारे, सगळा वायू, सगळी धूळ यांची बेरीज केली तरी तेवढं वस्तुमान भरत नाही. कितीतरी कमी पडतं. जे कमी पडतं, त्याला डार्क मॅटर म्हणतात.

ही शंका त्याआधीही एकाला आली होती. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी याने अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकांच्या एका मोठ्या गुच्छाचा अभ्यास केला. तिथल्या दीर्घिका इतक्या वेगाने इकडेतिकडे धावत होत्या की दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर तो गुच्छ कधीच विखुरला असता. इथे काहीतरी न दिसणारं आहे, असं त्याने लिहून ठेवलं. त्याच्या म्हणण्याला वजन यायला चाळीस वर्षं गेली.

‘जे दिसत नाही ते आहे कशावरून म्हणता जी?’ हा प्रश्न मला गावात हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. एकट्या वेगाच्या पुराव्यावर भागत नाही. मला स्वतःला सगळ्यात पटणारा पुरावा दीर्घिकांच्या दोन गुच्छांच्या टकरीचा आहे. बुलेट क्लस्टर नावाच्या ठिकाणी असे दोन गुच्छ एकमेकांतून आरपार गेले आहेत. गुच्छांमधलं साधं वस्तुमान बहुतेक तप्त वायूच्या रूपात असतं आणि तो वायू क्ष-किरणांत दिसतो. टकरीत हे वायू एकमेकांवर आदळून मध्येच रखडले. पण वस्तुमानाच्या ओढीने मागून येणारा प्रकाश कुठे किती वाकतो यावरून खरं वस्तुमान कुठे आहे हे शोधलं, तर ते वायूपाशी नव्हतंच. ते दोन बाजूंना पुढे निघून गेलं होतं, कशालाही न अडखळता. हे निष्कर्ष २००६ मध्ये आले. वजन एकीकडे आणि दिसणारा वायू दुसरीकडे, असं तिथे सरळ नकाशावर दिसतं. गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलला तर डार्क मॅटर लागणारच नाही, असं १९८३ मध्ये मोर्देहाय मिलग्रोम यांनी मांडलं होतं. दीर्घिकांच्या फिरण्याचं गणित त्यांच्या नियमाने खरोखर चांगलं जुळतं, त्यामुळे ती कल्पना टाकाऊ नाही. पण अशा टकरी आणि विश्वाच्या बालपणातून आलेली सूक्ष्मलहरींची प्रारणं यांच्यापुढे ती अडते.

ते आहे कशाचं? काळे ग्रह, विझलेले तारे, धूळ यांनी हिशोब भरत नाही. न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाश देत नाहीत, पण ते इतके हलके आणि वेगवान आहेत की त्यांच्याने दीर्घिका जमून आल्याच नसत्या. म्हणून आजवर न सापडलेल्या नव्या कणाचा शोध चालू आहे. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या सोन्याच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, दहा टन द्रवरूप झेनॉन भरलेली टाकी ठेवून शास्त्रज्ञ एखाद्या कणाच्या धडकेची वाट पाहत आहेत. आपल्याकडे झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर अशीच भूमिगत प्रयोगशाळा केली आहे. खात्रीची धडक अजून कुठेही मिळालेली नाही.

इतकं सगळीकडे आहे म्हणतात, तर आपल्याला जाणवत का नाही? कारण ते फार विरळ आहे. सूर्याच्या आसपासची त्याची घनता धरून हिशोब केला, तर संपूर्ण पृथ्वीएवढ्या जागेत कुठल्याही क्षणी जेमतेम अर्धा किलो डार्क मॅटर असतं. अख्ख्या पृथ्वीच्या मापाची जागा आणि त्यात अर्धा किलो! तरी बेरजेत ते साध्या द्रव्याच्या पाचपट भरतं, कारण तारे फार थोडी जागा व्यापतात. मधली अफाट मोकळी जागा ताऱ्यांच्या वाट्याला येत नाही. डार्क मॅटर मात्र तिथेही पसरलेलं आहे.

आता मूळ गुंत्याकडे येतो. दहावी-बारावीची मुलं मोबाइलवर व्हिडिओ पाहतात आणि विचारतात, ‘सर, पोकळीत कण येतात अन् नाहीसे होतात म्हणे, मंग तेच डार्क मॅटर असन ना?’ प्रश्न हुशारीचा आहे. उत्तर मात्र नाही असं आहे, आणि ते का, हे समजून घेण्यातच खरी गंमत आहे.

पोकळीत येणाऱ्या-जाणाऱ्या या कणांना आभासी कण म्हणतात. व्हिडिओत बुडबुड्यांसारखे ठिपके उमटतात आणि विझतात. निसर्ग क्षणभर ऊर्जा उसनी देतो आणि लगेच परत घेतो, असंही ऐकवलं जातं. ऐकायला छान आहे, पण या चित्राने नुकसानच जास्त केलं आहे. ऊर्जा कुठेही उसनी मिळत नाही. आजच्या भौतिकशास्त्राप्रमाणे जगात मुळात क्षेत्रं आहेत. इलेक्ट्रॉनचं एक, प्रकाशाचं एक, प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या कणांची वेगळी. ही क्षेत्रं सगळीकडे पसरलेली आहेत, तुमच्या घरात, वावरात आणि दोन दीर्घिकांच्या मधल्या पोकळीतही. क्षेत्रात टिकाऊ लहर उठली की तिला आपण खरा कण म्हणतो. तो उपकरणात टिपता येतो, मोजता येतो. पण दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात तेव्हा मधलं क्षेत्र जे हलतं, ती अशी टिकाऊ लहर नसते. त्या हालचालीचा हिशोब मांडताना शास्त्रज्ञ तिचे तुकडे पाडतात आणि एकेका तुकड्याला आभासी कण म्हणतात. रिचर्ड फाइनमन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या हिशोबासाठी रेघांच्या आकृत्या काढल्या, आणि त्यातल्या मधल्या रेघा म्हणजे आभासी कण. त्यातला एखादा डबीत धरून दाखवता येत नाही.

म्हणजे हे सगळं कागदावरचं का? तसंही नाही. हिशोबाचे तुकडे कागदावरचे असले तरी क्षेत्राची थरथर खरी आहे. क्वांटम नियमांनुसार, म्हणजे अतिसूक्ष्म जगाच्या नियमांनुसार, कुठलंही क्षेत्र पूर्ण स्तब्ध बसू शकत नाही. सगळी उष्णता काढून घेतली तरी थोडी हालचाल उरतेच. हेलियम हा याचा नेहमीच्या पाहण्यातला दाखला नसला तरी प्रयोगशाळेतला सोपा दाखला आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली तो कितीही थंड केला, अगदी निरपेक्ष शून्याजवळ नेला, तरी गोठत नाही. उरलेली ही थरथर त्याला घट्ट होऊ देत नाही.

पोकळीच्या थरथरीची खूण १९४७ मध्ये सापडली. विलिस लँब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी हायड्रोजनच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या दोन पातळ्या बारकाईने मोजल्या. जुन्या गणिताप्रमाणे दोन्हींची ऊर्जा तंतोतंत सारखी हवी होती. तिच्यात किंचित फरक निघाला. हा फरक पोकळीतल्या क्षेत्रांचा परिणाम धरला तरच जुळतो. तशीच गोष्ट इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाची. ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये त्यातली पहिली दुरुस्ती काढली, आणि आज गणित व प्रयोग यांचे आकडे दहाहून जास्त अंकांपर्यंत मिळतात. माणसाच्या कुठल्याही शास्त्रात इतकं काटेकोर जुळलेलं फार थोडं आहे.

१९४८ मध्येच हेंड्रिक कॅसिमिर या डच शास्त्रज्ञाने एक विलक्षण भाकीत केलं. विद्युतभार नसलेल्या धातूच्या दोन गुळगुळीत पट्ट्या पोकळीत अगदी जवळ आणल्या, तर त्या आपोआप एकमेकींकडे ओढल्या जातील, असं त्याचं म्हणणं होतं. मधल्या चिंचोळ्या फटीत क्षेत्राच्या ठरावीक लांबीच्याच लहरी मावतात, बाहेर सगळ्या मावतात. या फरकाने आत ढकलणारा दाब तयार होतो. फट एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग असेल तर हा दाब नगण्य असतो. ती शंभरपट कमी केली तर गणिताप्रमाणे तो दहा कोटी पटींनी वाढतो आणि आपल्या हवेच्या दाबाइतका होतो. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी ही ओढ नीट मोजून दाखवली. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हीच ओढ दोन धातूंमधल्या विद्युतचुंबकीय देवाणघेवाणीच्या वाटेनेही मांडता येते. तेव्हा कॅसिमिरच्या प्रयोगाने ‘पोकळीत भरमसाठ ऊर्जा साठली आहे’ हे सिद्ध झालं, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर ते जरा जास्त होतं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक वर्गाला सांगतो, कारण ती ऐकून मुलं स्वतःच्या हाताकडे बघतात. आपलं वजन मुख्यतः प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं असतं. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात म्हणतात, पण त्या तिघांचं स्वतःचं वस्तुमान प्रोटॉनच्या जेमतेम एक टक्का भरतं. बाकीचा सगळा भार त्यांच्या हालचालीच्या आणि त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्रांच्या ऊर्जेतून येतो. काट्यावर कापसाचं गाठोडं चढवलं की जे भरतं, ते बहुतांशी हेच.

मग आभासी कण डार्क मॅटर का नाहीत? डार्क मॅटर गोळा होतं. देवयानीभोवती ते दाट आहे, दूर मोकळ्या जागेत विरळ. पोकळीची थरथर तशी नसते. ती सगळीकडे सारखी असते, कुठे जास्त कुठे कमी असं नाही. ती कुठल्याही दीर्घिकेभोवती जमून तिला धरून ठेवू शकत नाही. बस, एवढ्या एका फरकावर दोघांची वाट वेगळी होते.

पण सगळीकडे सारखं असलेलं, जागा वाढली तरी पातळ न होणारं काहीतरी विश्वात आहे खरं. ते सापडलं १९९८ मध्ये. दोन वेगवेगळे गट दूरच्या विशिष्ट जातीच्या स्फोटक ताऱ्यांची चमक मोजत होते. या ताऱ्यांची खरी चमक जवळपास ठरलेली असल्याने दिसणाऱ्या चमकेवरून अंतर काढता येतं. विश्वाचं प्रसरण गुरुत्वाकर्षणामुळे मंदावत असणार, आता किती मंदावलं ते बघू, या हिशोबाने ते निघाले होते. तारे अपेक्षेपेक्षा अंधुक निघाले, म्हणजे जास्त दूर होते. प्रसरणाचा वेग वाढत होता. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. हे ढकलणारं जे काही आहे, ती डार्क एनर्जी. प्लँक उपग्रहाच्या मोजणीनुसार आज विश्वाच्या हिशोबात तिचा वाटा सुमारे ६८ टक्के, डार्क मॅटरचा २७ टक्के आणि तारे, ग्रह, माती, माणसं या सगळ्या साध्या द्रव्याचा ५ टक्के आहे.

विश्व पसरतं तसं साधं द्रव्य आणि डार्क मॅटर पातळ होत जातं. डार्क एनर्जी होत नाही, निदान आजवरच्या मोजणीत तरी ती जवळपास जैसे थे आहे. म्हणून पूर्वी तिचा प्रभाव नव्हता आणि सुमारे ५०० ते ६०० कोटी वर्षांपूर्वी तिचं पारडं जड झालं. जागेलाच चिकटलेली ऊर्जा म्हटली की पोकळीची थरथर आठवणारच. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये आपल्या समीकरणांत असं एक पद घातलं होतं. पोकळीच्या क्वांटम ऊर्जेशी त्याचा संबंध १९६०च्या दशकात याकोव्ह झेल्दोविच यांनी लावला. पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेत थनू पद्मनाभन यांनी या प्रश्नावर आयुष्याची कितीतरी वर्षं घातली.

आणि इथेच भौतिकशास्त्राचा सगळ्यात मोठा हिशोब चुकतो. पोकळीतल्या सगळ्या क्षेत्रांची थरथर मिळून किती ऊर्जा होते, याचं सरळ गणित केलं तर उत्तर प्रत्यक्ष मोजलेल्या डार्क एनर्जीच्या साधारण १ वर १२० शून्यं इतक्या पट येतं. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वात दहा-बारा अंक जुळवणारा तोच सिद्धांत इथे १२० शून्यांनी हुकतो. एवढी ऊर्जा खरोखर असती तर तारे-दीर्घिका बनायच्या आतच सगळं फाटून गेलं असतं. काहीतरी ती रद्द करतं, की गुरुत्वाकर्षणाला ती जाणवतच नाही, की आपला प्रश्नच चुकीचा आहे? पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

प्रत्यक्ष डार्क एनर्जी किती आहे, तेही सांगतो. एक किलोमीटर लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच अशा जागेत ती सुमारे अर्धा जूल भरते. शंभर ग्रॅमचं वजन अर्धा मीटर उचलायला लागते तेवढी. हा आकडा लक्षात ठेवायचं एक कारण आहे. ‘ब्रह्मांडातली डार्क एनर्जी’ अंगात उतरवून देतो, तिची अंगठी देतो, यंत्र देतो असं सांगणारे बुवा आता तालुक्याच्या बाजारातही दिसतात. गाडगेबाबा ज्या मुलखात झाडू घेऊन फिरले तिथे हे चालावं याचं मला वाईट वाटतं. अख्ख्या गावावरच्या किलोमीटरभर उंच जागेतली सगळी डार्क एनर्जी गोळा करता आली असती, तरी तिने टॉर्चसुद्धा क्षणभरच पेटला असता. आणि ती गोळा करायचा कुठलाही मार्ग कुणालाच ठाऊक नाही.

अलीकडे या गोष्टीला नवं वळण लागलं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या किट पीकवर ‘डेसी’ नावाचं उपकरण एका वेळी पाच हजार दीर्घिकांचा प्रकाश तपासतं. २०२४ आणि २०२५ मध्ये त्याचे जे निष्कर्ष आले, त्यांत डार्क एनर्जी काळानुसार थोडी क्षीण होत असावी असा इशारा आहे. पुरावा अजून पक्का म्हणावा इतका भक्कम नाही. पण तो टिकला तर डार्क एनर्जी म्हणजे पोकळीची कायम ऊर्जा हे साधं समीकरण मोडेल. १२० शून्यांचं कोडं त्याने सुटणार नाही, उलट त्याच्या शेजारी दुसरं उभं राहील.

याची मोजणी आपल्या अंगणापर्यंत आली आहे. वाशीम जिल्हा ओलांडला की हिंगोली, आणि तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे ताऱ्यांच्या टकरींसारख्या घटनांनी अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, टोकांना आरसे, मध्ये लेझर. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळेत २०२० मध्ये दिसलं की प्रकाशाच्या क्षेत्राची क्वांटम थरथर ४० किलोच्या आरशांनाही हलवते. ते हलणं प्रोटॉनच्या रुंदीच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असतं, पण उपकरण इतकं संवेदनशील आहे की त्याला ते अडवतं. म्हणून तिथे पोकळीची थरथर एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला वळवायचं तंत्र रोज वापरलं जातं. ज्या थरथरीवरून आपण इतकं बोललो, ती तिथल्या लोकांसाठी रोजच्या कामातली अडचण आहे.

त्याच उपकरणाने १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली. लहरींवरून अंतर कळलं, दुर्बिणींतून दिसलेल्या प्रकाशावरून दूर जाण्याचा वेग कळला, आणि दोन्ही मिळून विश्वाच्या प्रसरणाचा दर अगदी नव्या वाटेने काढता आला. एका टकरीवर नेमकेपणा येत नाही, अशा पुष्कळ टकरी लागतात आणि त्या आकाशात कुठे झाल्या हे पटकन कळावं लागतं. त्यासाठीच पृथ्वीच्या या बाजूला आणखी एक वेधशाळा हवी आहे. तिथे फक्त खगोलशास्त्रज्ञ लागणार नाहीत. निर्वात नळ्या जोडणारे, लेझर सांभाळणारे, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक जाणणारेही लागतील. आज वाशीम-यवतमाळमध्ये दहावीला असलेली मुलं तोवर त्या वयाची झालेली असतील.